काचेपलीकडची ओळख

तोंडात टाचण्या धरून हसू नये, हे काचवालीला तिच्या आत्याने लहानपणापासून बजावलं होतं. पण समोर असा नग येऊन उभा राहिला तर माणसाने करावं तरी काय?

ती दुकानाच्या दर्शनी काचेच्या आत, दोन पुतळ्यांच्या मधोमध, एका लांब कोटाची घडी बसवत होती. एक तरुण चालत आला, थेट काचेपुढे थांबला आणि तिच्याकडे... नाही, तिच्या आरपार, स्वतःच्याच प्रतिबिंबाकडे बघू लागला. बाहेर लख्ख ऊन, आत अंधार. बिचाऱ्याला आतलं काही दिसत नव्हतं. त्याने केसांवरून हात फिरवला. कॉलर सरळ केली. मग ओठ मागे ओढून दातांची अशी कसून तपासणी सुरू केली, की काचवालीला श्वास रोखून धरावा लागला. तो जवळ आला... अजून जवळ... नाकाचा शेंडा काचेला टेकला, तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं की मधल्या पुतळ्याचे खांदे गदगदा हलताहेत.

"आई गं!" तो दोन पावलं मागे उडाला.

टाचण्या खाली सांडल्या. काचवालीने पोट धरून हसून घेतलं, मग दार उघडून डोकं बाहेर काढलं.

"दात स्वच्छ आहेत," ती म्हणाली. "वरच्या डाव्या बाजूला जरा बघा. बाकी पास."

तो कानापर्यंत लाल झाला. "तुम्ही... खऱ्या आहात?"

"आज सकाळपर्यंत तरी होते."

"नाही, म्हणजे मी... कशाचं दुकान होतंय इथे?"

"कपड्यांचं. भारीतल्या कपड्यांचं. लवकरच."

'लवकरच' म्हणताना तिने नजर पायाशी पडलेल्या टाचण्यांकडे वळवली. कारण ती शुद्ध लोणकढी थाप होती. तिथे कपड्यांचं दुकान होणार नव्हतं, अत्तराचं नाही की चपलांचंही नाही. त्या दारामागे एक रिकामी खोली होती, आणि तिच्यात एक शिडी.

गोष्ट अशी होती. शहराच्या ऐन मध्यावरचा हा रस्ता एके काळी गजबजलेला असायचा. मग शहराबाहेर मोठमोठे मॉल झाले, लोक गाड्या काढून तिकडे पळाले आणि इथली शटरं एकेक करून खाली आली. आता मात्र रस्त्याने कूस बदलली होती. नगरपालिकेने नवी फरसबंदी केली, झाडं लावली, वरच्या मजल्यांवर तरुण मंडळी भाड्याने राहायला आली, एक कॉफीचं दुकानही धिटाईने उघडलं. फक्त कोपऱ्यावरची तीन मजली इमारत तेवढी भुतासारखी बंद होती. तिथे एखादं बडं दुकान आलं, की त्याच्यामागे बाकीची आपोआप येतील, असं सगळेच म्हणत. आणि नाही आलं तर? तर वर्षअखेर इमारत पाडून तिथे गाड्या उभ्या करायची जागा होणार होती. तो ठराव झालेला होता. त्या इमारतीला एका भिंतीने चिकटलेलं काचवालीच्या आत्याचं बटणांचं दुकानही मग तिच्याबरोबर जाणार होतं.

आत्या म्हणजे व्यापारी मंडळाची अध्यक्ष. काचवालीला तिनेच वाढवलं. बटणांच्या बरण्यांमध्येच ती लहानाची मोठी झाली. "रिकामं दुकान म्हणजे पडलेला दात," असं आत्या म्हणायची. "एक पडला तरी सगळं तोंड बोळकं दिसतं." म्हणून दुकानांच्या काचा सजवण्याचंच शिक्षण घेतलेल्या भाचीला तिने कामाला लावलं होतं. सगळ्या रिकाम्या दुकानांच्या काचा सजवायच्या आणि प्रत्येकीवर पाटी लावायची, 'लवकरच'. कारण नाव उच्चारताना जीभ दोनदा वळवावी लागेल अशी एक उंची कंपनी नव्या दुकानासाठी रस्ते शोधत होती, आणि तिचा माणूस गुपचूप येऊन पाहणी करणार, अशी पक्की खबर आत्याला लागली होती.

तो माणूस ओळखायचा कसा? आत्याने त्याला ओळखलंही होतं. एक रुबाबदार कोट घातलेले गृहस्थ आठवडाभर रस्त्यावर येरझाऱ्या घालत होते. आत्याने त्यांना खुर्ची दिली, चहा पाजला, शेवटी चांदीच्या बटणांचा एक संच भेट दिला. नंतर कळलं की ते वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरकडे बायकोला घेऊन येत होते.

"माणूस सज्जन होता पण," आत्या ठसक्यात म्हणाली. पडलं तरी नाक वर.

इकडे काचेत दात बघणारा तो तरुण दुसऱ्या दिवशीही आला. तिसऱ्या दिवशीही. समोरच्या फुटपाथवर बसथांब्याच्या बाकावर बसायचा आणि एकही बस पकडायचा नाही. शर्टाची बाही उसवलेली, पायात साधे बूट. काचवालीने मनातल्या मनात त्याचं नाव ठेवलं, आरसेमहाल.

काचेतून बोलता येत नाही, पण बघता तर येतं! एक दिवस ऊन काचेवरून सरकल्यावर तिने सहज म्हणून दोन स्कार्फ उंच धरले, एक निळा, एक लाल. कोणता? त्याने आजूबाजूला बघितलं, स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं — मला विचारताय? तिने मान हलवली. त्याने गंभीरपणे विचार करून निळ्याकडे बोट केलं. तिने पुतळ्याला लाल बांधला आणि पाठ फिरवली. मग हा रोजचाच खेळ झाला. तो टोपी म्हणाला की ती छत्री ठेवायची, तो पिवळं म्हणाला की ती पांढरं. पाठ वळवल्यावर गालात हसायची, आणि त्याला ते तिच्यासमोरच्या उभ्या आरशात दिसतंय हे तिला ठाऊक नव्हतं. आठवड्याने तो तिच्या सगळ्या सजावटीवर बेहद्द खूश दिसू लागला, तेव्हा तिला संशय आला.

दुपारी तो कॉफी घ्यायला निघाला असताना तिने त्याला गाठलं. "काय हो, तुम्ही मुद्दाम उलटं सांगता की काय?"

"चार दिवसांपासून," तो म्हणाला. "तुम्हाला लाल हवा असला की तुम्ही तो उजव्या हातात धरता. मला फक्त डाव्याकडे बोट दाखवावं लागतं."

"असं होय! बरीच पाहणी चाललीय."

"सवय आहे हो... बघत बसायची." तो चाचरला. "तुमच्याकडे म्हणून नाही. म्हणजे... तुमच्याकडेही."

काचवाली परत आली तेव्हा शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर उगाचच बराच वेळ बसून राहिली. अगं, तुला झालंय तरी काय, असं तिने स्वतःला विचारलं, आणि उत्तर माहीत असल्यामुळे दिलं नाही.

मग तो पाऊस आला. कुणाच्या ध्यानीमनी नसताना, भर दुपारी, टपोऱ्या थेंबांचा. बसथांब्याचं छप्पर गळकं होतं. आरसेमहाल धावत रस्ता ओलांडून तिच्या दाराच्या आडोशाला आला, तरी शिंतोडे येतच होते. तिने दार उघडलं.

"आत या. पुतळे चावत नाहीत."

आत ओल्या मातीचा आणि नव्या रंगाचा वास मिसळला होता. त्याच्या केसांतून पाणी निथळत होतं. तिने पुतळ्याच्या गळ्यातला स्कार्फ काढून त्याला दिला. लाल. त्याने डोकं पुसलं आणि तो फिरत फिरत काचेजवळच्या फळीपाशी गेला. तिथे सोनेरी अत्तराच्या कुप्या ओळीने मांडल्या होत्या. तो वाकला. बराच वेळ वाकूनच राहिला.

"एक सांगू? रागावणार नाही ना?"

"सांगा की."

"तुमच्या अत्तराला... बुरशी आलीय."

काचवालीने जीभ चावली. खरं अत्तर परवडणार कुणाला? तिने कुप्यांमध्ये कोरा चहा भरला होता. आणि चहावर आता पांढऱ्या मऊ टोप्या आल्या होत्या.

"ती... नव्या पद्धतीची आहेत," ती म्हणाली.

तो हसला नाही. अलगद कुपी खाली ठेवली. "मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. दुकान खरं की खोटं, ते पुढच्या काचेत दिसत नाही. मागच्या गल्लीत जावं लागतं. दुकान उघडायचं असलं की मागे खोकी पडतात, कागद पडतात, टेम्पोवाला भांडत असतो. तुमच्या मागच्या गल्लीत फक्त एक मांजर आहे."

मागच्या गल्ल्या बघत कोण हिंडतं? "तुम्ही... कंपनीचे?"

त्याने मान डोलावली.

आणि काचवालीला राग आला. आत्याची खुर्ची, आत्याचा चहा त्या भलत्याच माणसाला मिळाला म्हणून नाही. स्कार्फचा, टोप्यांचा, इतक्या दिवसांच्या त्या खेळाचा राग. "म्हणजे तिथे बसून तुम्ही आम्हाला जोखत होतात? आणि मी वेडी, तुम्हाला रंग विचारत होते!"

"रस्ता जोखत होतो," तो घाईघाईने म्हणाला. "आणि रस्ता चांगला आहे. खरंच. सोडा ते चहाचं अत्तर. मी कितीतरी ठिकाणी बसलोय. लोक रस्त्यावरून जातात. इथे लोक थांबतात. तुमच्या काचेपुढे थांबतात, मुलाला उचलून दाखवतात, मग पुढच्या काचेकडे जातात. दुकानदाराला आणखी काय हवं? मी हेच सांगणार आहे ऑफिसात. फक्त..."

"फक्त काय?"

बाहेर पावसाने जोर धरला. तो स्कार्फची घडी घालू लागला, चुकीची, पुन्हा मोडली.

"आमच्याकडे एक नियम आहे. पाहणीच्या रस्त्यावर ओळख करायची नाही. ओळख झाली की माणूस रस्त्याकडे बघत नाही, माणसाकडे बघतो. तशी ती झाली, तर कळवायचं आणि बाजूला व्हायचं. मग आमच्या मोठ्या बाई स्वतः येतात. आम्ही त्यांना कात्री म्हणतो. आजवर त्यांनी जेवढे रस्ते पाहिले, बहुतेक कापलेच." त्याने वर बघितलं. "म्हणून तुम्हालाच विचारतो. आपली... ओळख आहे का?"

काचवालीचा जीव कात्रीत सापडला, तो असा. 'हो' म्हणावं तर कात्रीबाई येणार, चहाचं अत्तर बघणार, आणि आत्याचं दुकान जाणार. 'नाही' म्हणावं तर दुकान वाचेल, कोपऱ्यावर दिवे लागतील, आणि हा माणूस पुढच्या शहरातल्या कुठल्यातरी बाकावर जाऊन बसेल. तिला भिंतीपलीकडून आत्याचा आवाज ऐकू आला. कुणा गिऱ्हाइकाशी एका मोत्याच्या बटणावरून ती तावातावाने वाद घालत होती.

"नाही," काचवाली म्हणाली. "मी इथे काम करते. तुम्ही पावसात आडोशाला आलात. एवढंच."

"एवढंच?"

"एवढंच."

त्याने घडी घातलेला स्कार्फ फळीवर ठेवला. "बरं," म्हणाला, आणि दार उघडून गेला. पाऊस थांबलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाक रिकामा होता. त्यानंतरही रिकामाच. काम फत्ते झालं होतं, तिने आनंदाने नाचायला हवं होतं. तिने कुप्यांत नवा चहा भरला, पुतळ्याला नवा कोट चढवला, आणि संध्याकाळी आत्या काचेसमोर येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"माझी भाची, आणि बटण एक काज सोडून?"

काचवालीने बघितलं. कोटाची सगळी बटणं एकेक काज चुकून लागली होती. कोट वेडावाकडा लोंबत होता. आणि तिला एकदम रडूच कोसळलं.

आत्याने तिला दुकानात नेऊन स्टुलावर बसवलं, सगळं ऐकून घेतलं, एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. आत्याच्या बाबतीत हा विक्रमच म्हणायचा.

"मग? केलं ना मी बरोबर?" काचवालीने नाक पुसत विचारलं.

"शहाणी आहेस," आत्या म्हणाली. "म्हणजे ठार वेडी. अगं, काचेत खोटं दुकान मांड, असं मी तुला सांगितलं. ती चूक माझी. पण मनातलं खोटं बोल, असं सांगितलं होतं का? माझं दुकान माझ्या जिवावर उभं आहे, ते तुझ्या जिवावर नको मला. आणि काय गं, माझा रस्ता एवढा का लेचापेचा, की एका पोराच्या चांगल्या शब्दावर तरेल? येऊ दे त्या कात्रीला. बघू तिची धार."

"पण आत्या, आता त्याला कळवायचं कसं?"

"फोन नंबर?"

"ओळखच नाही म्हटल्यावर नंबर कुठला?"

आत्याने कपाळावर हात मारून घेतला.

सकाळी दोघींनी मिळून 'लवकरच'च्या सगळ्या पाट्या काढल्या. सजावट तशीच ठेवली. प्रत्येक काचेवर काचवालीने स्वतःच्या हाताने लिहिलं, 'ही जागा रिकामी आहे. आत या, बघा.' व्यापारी मंडळात आरडाओरडा झाला. आत्याने सगळ्यांना तोंडावर पाडून परत पाठवलं.

त्याच आठवड्यात एक ठेंगणीशी, पांढऱ्या केसांची बाई झपझप चालत आली. मागून, खाली मान घालून, आरसेमहाल. काचवालीच्या हातातली टोपी खालीच पडली. बाईंनी मागे न बघता नुसतं बोट केलं. तो मुकाट्याने समोरच्या फुटपाथवर जाऊन, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखा उभा राहिला. बाई दार ढकलून आत आल्या.

"हे अत्तर?"

"चहा आहे, मॅडम. ताजा. आधीच्याला बुरशी आली होती."

बाईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्यांनी काचेतून पलीकडे बघितलं. "त्या माणसाची आणि तुमची ओळख आहे?"

काचवालीनेही तिकडे बघितलं. तो इकडेच बघत होता, पण ऊन काचेवर होतं. त्याला आतलं काही दिसत नसणार. तिला आठवलं, ह्या उत्तरावर आत्याचं दुकान आहे. ह्या उत्तरावर त्याचं इतक्या दिवसांचं काम आहे.

"हो," ती म्हणाली. "आहे."

"किती?"

"पुरेशी नाही." आता बोललोच आहोत तर पूर्ण बोलू. "वाढवायची आहे."

बाईंनी पर्स फळीवर ठेवली. "त्याने त्याच दिवशी मला कळवलं. ओळख झालीय, मी बाजूला होतो. मी विचारलं, मुलगी काय म्हणते? तर म्हणाला, ती नाही म्हणते. दोघांतलं कोणीतरी खोटं बोलत होतं. कोण, तेवढं बघायला आले होते."

"मी बोलत होते," काचवाली म्हणाली.

"कळलं. त्याने केलेली पाहणी मी फेकून दिलीय. प्रेमात पडलेल्याची नजर काय कामाची? मी माझी पाहणी करणार." त्या दाराकडे वळल्या आणि काचेवरच्या अक्षरांपाशी थबकल्या. "हे कोणी लिहिलं?"

"मी."

"इतके रस्ते पाहिले. रिकाम्या जागेला रिकामी म्हणणारा हा पहिलाच." त्यांनी पर्स खांद्याला लावली. "कोपऱ्यावरच्या इमारतीच्या किल्ल्या कोणाकडे असतात?"

किल्ल्या आत्याकडे होत्या. आत्याही फार लांब नव्हती. दारालाच कान लावून उभी होती. ती जुडगा खुळखुळवत बाईंच्या पुढे अशी निघाली, की बाईंना जवळजवळ पळावं लागलं.

काचवालीने रस्ता ओलांडला. आरसेमहालचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काय विचारलं त्यांनी? तुम्ही काय सांगितलंत?"

"आधी तुम्ही सांगा. मी नाही म्हणाले होते ना? मग कशाला कळवलंत ऑफिसला?"

"प्रयत्न केला," तो म्हणाला. "घरी जाऊन आपली ओळख नाही, असं स्वतःलाच समजावत बसलो. जमेना. मी रस्त्याबद्दल लिहायला बसलो की लाल स्कार्फच दिसायचा. म्हटलं, असल्या माणसाने रस्त्याबद्दल बोलू नये."

"म्हणजे माझं एवढं मोठं मन फुकट गेलं?"

"साफ फुकट." मग हळूच, "वाईट वाटलं?"

"बटणं चुकली माझी," ती म्हणाली, आणि डोळे पुसायच्या आत हसली. "मी हो म्हणाले त्यांना. त्या किल्ल्या मागून गेल्या."

"किल्ल्या?" तो ओरडलाच. "कात्रीने किल्ल्या मागितल्या? अहो, त्या आत जात नाहीत कधी! फुटपाथवरूनच नाही म्हणून परत फिरतात!"

दोघांनी वळून बघितलं. कोपऱ्यावर दोन बायका गंजलेल्या शटरला एकदमच भिडल्या होत्या. एक वर ढकलत होती, दुसरी सूचना देत होती. शटर करकरलं, अडलं, आणि मग धाडकन वर गेलं. आतून आत्याचं शिंकणं ऐकू आलं, आणि तिच्या पाठोपाठ बाईंचा खणखणीत आवाज, "उजेड चांगला येतो की हो इथे!"

"आता जर कंपनी इथे आली," तो म्हणाला, "तर मला ह्या रस्त्याचं काम कधीच मिळणार नाही. नियमच आहे."

"आणि नाही आली तर?"

"तर सुट्टीच्या दिवशी येईन."

"आणि आली तर?"

"तरी सुट्टीच्या दिवशी येईन. तुला... तुम्हाला चालेल?"

"पहिलं म्हणालास तेच चालेल," काचवाली म्हणाली.

त्याने तिचा हात धरला. रस्त्यावर तेव्हा एकही गाडी नव्हती, ओलांडायला हात धरायची तशी काही गरज नव्हती. तरी धरला, आणि पलीकडे पोहोचल्यावरही सोडला नाही.